चाकांच्या खुर्चीचा झोका

शेलूबाजारला हायवेला लागून माझं वेल्डिंगचं दुकान आहे. पंचवीस वर्षांत मी गेट केले, खिडक्यांच्या जाळ्या केल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या सांधल्या, टिनाचे शेड उभे केले. एखादं काम वाकडं झालं तर गिऱ्हाईक शिव्या देतं, आपण परत नीट करून देतो. त्यापलीकडे कामाची भीती मला ठाऊक नव्हती.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुकानासमोर एक स्कूटी थांबली. मंगरूळपीरहून येणाऱ्या मॅडम होत्या त्या. ज्या लेकरांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, त्यांना गावोगावच्या शाळांत जाऊन शिकवायचं, हे त्यांचं काम. माझ्या गावच्या शाळेतही त्या येत. शाळेच्या शेजारी उकिरड्यांची एक पडीक जागा होती. सरपंचबाईंनी ती मोकळी करून घेतली होती आणि तिथं खेळाचं मैदान करायचं ठरलं होतं. मॅडमनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं की करायचंच असेल तर सगळ्यांना खेळता येईल असं करा. धावणाऱ्यांना आणि न धावणाऱ्यांनाही. लेकरांना आणि म्हाताऱ्यांनाही.

त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. लोखंडी फळीचा मोठा झोका होता. त्यावर माणूस आपल्या चाकांच्या खुर्चीसकट बसला होता. खुर्चीतून उतरायचं नाही, कोणी उचलायचं नाही. उतारावरून खुर्ची थेट फळीवर न्यायची, चाकं अडकवायची, फाटक लावायचं आणि झुलायचं.

"होईल का तुमच्याकडून?" मॅडमनी विचारलं.

मी फोटो मोठा करून पाहिला. चॅनल, चेकर प्लेट, साखळ्या, बेअरिंग. यात न होण्यासारखं काही नव्हतं. "हो ना मॅडम, त्यात काय," असं मी म्हणालो आणि हातातलं गेट पुन्हा घासायला घेतलं. इतक्या सहज मी ते म्हणालो होतो.

त्याच आठवड्यात आत्यानं मला रस्त्यात अडवलं. आत्या म्हणजे गावातली एक बाई, माझ्याच वयाची. बावीस वर्षांपूर्वी घराच्या धाब्यावर मिरच्या वाळत घालताना ती खाली पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून भावाच्या घरी राहते. भावाची लेकरं आत्या म्हणतात म्हणून सगळं गाव आत्या म्हणतं. तिच्या ओट्यावरून रस्ता दिसतो, त्यामुळे गावात येणारा-जाणारा तिच्या नजरेतून सुटत नाही.

"का रे मिस्त्री, तो झोका तू करून राह्यला म्हणते?"

"हाव आत्या."

"माह्यासाठी हाये का फकस्त लेकरायसाठी?"

"मॅडम म्हणते सगळ्यायसाठी हाये."

तिनं आपली चाकांची खुर्ची जरा पुढं सरकवली. मग म्हणाली, "पहिल्यांदा मीच बसन. सांगून ठेवतो तुले."

मी हसलो. तेव्हा मला हसता येत होतं.

भीती सुरू झाली ती त्यानंतर पंधरा दिवसांनी. मी माप घ्यायला शाळेत गेलो होतो. तिथल्या जुन्या साध्या झोक्यावर तिसरी-चौथीतली एक पोरगी उंच उंच झुलत होती. एकाएकी वरची एक कडी निसटली. फळी तिरपी झाली. माझ्या तोंडून आवाज निघायच्या आत त्या पोरीनं हवेतूनच उडी मारली, गुडघ्यांवर पडली, फ्रॉक झटकला आणि हसत हसत पळाली. दोन्ही गुडघे खरचटले होते, बस तेवढंच.

मी टेप हातात धरून तिथंच उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर ती पोरगी नव्हतीच. फळीवर अडकवलेली खुर्ची होती, छातीवरून आवळलेला पट्टा होता, बाहेरून बोल्ट लावलेलं फाटक होतं. त्यात आत्या होती. ती कुठून उडी मारणार? तिला पडू नये म्हणून मी जे जे करणार होतो, त्याच सगळ्यानं तिला त्या लोखंडाला बांधून टाकलं असतं. लोखंड खाली आलं तर ती त्याच्यासोबत येणार.

त्या दिवसापासून माझा हात जड झाला. जिथं पाच सूत जाडीची प्लेट पुरे होती तिथं मी सहा सूत घेतली. एका सांध्यावर तीन तीनदा वेल्डिंगचा रॉड फिरवला. माझी बायको दुकानात डबा घेऊन आली, तेव्हा मी फळीच्या खाली उताणा झोपून टॉर्चनं वेल्डिंगचे टाके पाहत होतो.

"झोका करून राह्यले का पूल?" तिनं विचारलं.

मी टॉर्च पुढच्या टाक्यावर नेला. तिला सांगायची लाज वाटत होती.

आणि एवढं सगळं करूनही मी चुकलो. वर चुकलो नाही, खाली चुकलो.

आमच्याकडे काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात फाटते. इतकी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. घरांच्या भिंतींना दरवर्षी तडे जातात आणि दरवर्षी आम्ही ते बुजवतो. झोक्याचे चार खांब पुरायचे होते. गावच्या गवंड्यानं खड्ड्यात डोकावून मला सांगितलं होतं, "मिस्त्री, मुरूम लागेलोक जा. काळीत खांब ठेवशीन तं हालन." चार फुटांवर मुरमाचा पत्ता नव्हता. खोदणारे दोघं पेरणीच्या कामाला जायची घाई करत होते, आभाळ भरून आलं होतं आणि मला वाटलं की चार फूट काँक्रीट भरलं तर हत्तीही हलवू शकणार नाही. मी म्हणालो, "बस झालं. भरा." गवंडी माझ्याकडे पाहत राहिला. 

झोका उभा झाला. मी त्याच्यावर सोयाबीननं भरलेल्या सात कट्ट्या ठेवल्या आणि अर्धा दिवस हलवत राहिलो. काही झालं नाही. मग पिवळा रंग मारला. बाकीचं मैदानही तयार होत होतं. रेती खेळायला कमरेइतक्या उंचीचा ओटा होता, खुर्ची त्याच्याखाली शिरेल असा. वेगवेगळ्या लांबीचे पाइप टांगून मी एक वाजवायचं केलं होतं, कारण शाळेत एक पोरगा होता ज्याला दिसत नव्हतं आणि जो दिसेल ते वाजवायचा, म्हणजे सापडेल ते. म्हाताऱ्या माणसांना धरून चालायला पाइपाचा कठडा होता. सरपंचबाईंनी पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर उद्घाटन ठेवलं. वाशीमहून एक साहेब येणार होते.

चौदा तारखेला दुपारी मी शेवटचं ग्रीस लावायला गेलो. पाऊस उघडला होता. शिडीवर चढून बेअरिंगला ग्रीस भरताना बोटाला काही तरी बारीक लागलं. पाहिलं तर वरच्या आडव्या गर्डरजवळ, जिथं साखळीचं कडं वेल्ड केलेलं होतं, तिथल्या पिवळ्या रंगावर केसासारखी एक रेघ होती. तांबूस. मी नखानं खरवडलं. रंग निघाला, रेघ निघाली नाही.

टाका फाटत होता.

मी खाली उतरलो आणि पिशवीतून ओळंबा काढला. चारही खांबांना लावून पाहिला. तीन खांब सरळ होते. शाळेकडचा चौथा बोटभर वर आणि अंगठाभर बाहेर गेला होता. खालची माती फुगून त्याला उचलत होती. वरचा गर्डर पिळत होता. झोका हलला की सगळा जोर त्या एका टाक्यावर येणार होता.

माझे हात थंड पडले. ऑगस्टच्या उकाड्यात बोटं अशी थंड पडतात हे मला माहीत नव्हतं. पहिली गोष्ट मी काय केली असेल तर आजूबाजूला पाहिलं, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून. ते आठवलं की अजूनही मला स्वतःची किळस येते. मग मी परत वर चढून अंगठ्यानं ग्रीस घेतलं आणि त्या रेघेवर लावलं.

घरी आलो. ताटावर बसलो आणि उठलो. बायकोनं विचारलं तर पोट दुखते म्हणालो. डोक्यात एकच हिशोब चालला होता. एका माणसाचं वजन ते किती? एका दिवसात काय होते? एकदा उद्घाटन होऊ द्यावं, मग हळूच दुरुस्ती करावी. आणि लगेच दुसरं चित्र समोर येई. पट्टा आवळलेली आत्या आणि टक असा आवाज. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण मला तो नेमका कसा असेल ते कळत होतं.

सकाळी झेंडावंदनाच्या आधी मी गेलो. झोक्याच्या साखळ्यांतून दुसरी एक साखळी ओवली, खांबाला गुंडाळली आणि कुलूप लावलं. चावी खिशात टाकली.

मैदान भरलं होतं. लेकरं रेतीच्या ओट्याला चिकटली होती. ज्याला दिसत नव्हतं तो पोरगा पाइप वाजवत सुटला होता, त्याला थांबवायला कोणी तयार नव्हतं. साहेबांचं भाषण झालं, फीत कापली. मग सगळे झोक्याकडे आले. आत्या सगळ्यांत पुढं होती. तिच्या भावानं खुर्ची पुसून आणली होती, तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि केसांत फूल होतं.

"मिस्त्री, हे कुलूप कायले?" सरपंचबाईंनी विचारलं.

माझ्या तोंडातून निघालं, "चावी हारपली बाई."

"आत्ताच हारपायची होती?"

लोक हसले. कोणी म्हणालं दगडानं फोडा. एक जण खरंच दगड घेऊन आला. मी त्या कुलपापुढं जाऊन उभा राहिलो.  साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते गाडीकडे निघाले. सरपंचबाई त्यांच्यामागे गेल्या. दगडवाला वाट पाहून कंटाळला. हळूहळू गर्दी रेतीकडे आणि चिवड्याच्या पाकिटांकडे वळली.

आत्या हलली नव्हती.

"चावी तुह्या खिशात हाये," ती म्हणाली. "तू दोनदा हात लावला तिथी."

माझा हात पुन्हा खिशाकडे गेला.

"काय झालं? खरं सांग."

मी तिच्या खुर्चीजवळ खाली बसलो आणि सांगितलं. रेघ, खांब, माती, गवंडी. ग्रीस लावलं तेही सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की ती रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा असा कठीण झाला की मी मान खाली घातली.

"कालपासून माहीत हाये तुले?"

"हाव."

"अन् मी सकाळपासून नटून बसली. तू कोणाले सांगतलं काहून नाही?"

"भेव वाटलं, आत्या."

"कायचं? मी मरन याचं, का लोकं हासतीन याचं?"

दोन्ही होतं आणि त्यातलं जास्त कोणतं ते मलाच कळत नव्हतं.

ती म्हणाली, "पाह्य मिस्त्री. मी पडली तवा डॉक्टरनं माह्या भावाले बाहीर नेऊन सांगतलं. भावानं मायले सांगतलं. मले तीन मयने कोणी सांगतलं नाही का तू आता चालणार नाहीस. सगळ्यायले माहीत होतं. मीच येकटी रोज पाय हालवून पाहो. आता तूबी तेच करतं?"

मग ती मॅडमना हाक मारून म्हणाली, "मॅडम, सरपंचबाईले बलवा. मिस्त्रीले काही सांगायचं हाये."

मी उठलो. पळून जावंसं वाटत होतं. हायवेवरून रिसोडकडे जाणारी एखादी जीप धरावी आणि दोन दिवस कोणाला दिसूच नये, असा विचार खरंच आला. सरपंचबाई आल्या, पाचपन्नास माणसं परत गोळा झाली, आणि मी त्यांना सांगितलं. हळू बोलत होतो म्हणून मागची माणसं "काय म्हणते? काय म्हणते?" करत होती आणि मला तेच दोनदा सांगावं लागलं. सरपंचबाई मला जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. त्यांचं चुकलं नव्हतं. गवंडी गर्दीत उभा होता. तो "मी सांगतलं होतं" असं म्हणेल याची मी वाट पाहत होतो. तो म्हणाला, "पाणी उतरू द्या. मंग खोदू."

दसऱ्यानंतर आम्ही चारही खांब काढले. या वेळी जेसीबी आणला. सात फुटांवर मुरूम लागला. मी स्वतः शिडी लावून खड्ड्यात उतरलो, पहार मारली, खण्ण आवाज आला तेव्हा वर आलो. खांबांच्या भोवती काळी माती परत टाकली नाही, मुरूम भरला. गर्डर नवा घेतला. कडी वेल्ड केली नाहीत, जाड बोल्टांनी आवळली, म्हणजे बोल्ट ढिले झाले तर डोळ्यांना दिसतील. आणि फळीच्या खालून दोन जादा साखळ्या घेऊन वर गर्डरला अडकवल्या, त्या एरवी सैल लोंबतात. मुख्य साखळी तुटलीच तर फळी वीतभर खाली येऊन त्यांच्यावर थांबेल. ही कल्पना मॅडमची नव्हती, फोटोतही नव्हती. ती भीतीनंच मला सुचवली.

कट्ट्या ठेवून आठ दिवस हलवलं. मग मी स्वतः बसलो. आत्याच्याच घरून तिची जुनी खुर्ची मागून आणली, पट्टा आवळला, फाटक लावून घेतलं आणि बायकोला म्हणालो, ढकल. तिनं ढकललं. हात-पाय धड असूनही मला आत काहीच करता येत नव्हतं. जमीन मागे जायची, पुढे यायची. मी डोळे मिटले. कान मात्र वर होते, बोल्टांकडे.

"बस का?" बायको म्हणाली.

"आणखी," मी म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी आत्या आली. मी तिला सगळं दाखवलं. बोल्ट, जादा साखळ्या, खांबाभोवतीचा मुरूम. काही लपवलं नाही. "तरीबी भेव वाटते मले," मी म्हणालो. ती म्हणाली, "वाटू दे. लाव फाटक."

मी फाटक लावलं आणि बोल्ट ओढून पाहिला. तिच्या भावानं हळू ढकललं. पहिले दोन झोके ती खुर्चीचे हात घट्ट धरून होती, बोटं पांढरी पडली होती. तिसऱ्या झोक्याला फळी जरा वर गेली आणि ती ओरडली. मी झडप घालून फळी धरली. धरताना घसरलो आणि कोपर फुटलं. फाटक उघडेपर्यंत तिनं ओकारी केली. हिरव्या नाही, साध्या लुगड्यावर. पोट रिकामं होईपर्यंत ओकली. वीस वर्षं जे शरीर एका जागी बसलेलं, त्याला ते डोलणं सोसलं नाही. तिचा भाऊ माझ्याकडे असा पाहत होता की जणू मीच तिला पाडलं.

चार दिवस ती ओट्यावरही दिसली नाही. मी दुकानात जाताना मुद्दाम त्या रस्त्यानं जायचो आणि दार बंद दिसलं की तसाच पुढं निघायचो. विचारायची हिंमत होत नव्हती. बायकोला पाठवलं, तिला आतून निरोप मिळाला की बरं आहे.

पाचव्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मॅडमचा फोन आला, लवकर या.  मोटारसायकल कशी चालवली ते आठवत नाही. पोहोचलो तर आत्या उताराच्या पायथ्याशी खुर्चीत बसून लेकरांना ओरडत होती, कारण पोरं रांगेत मध्ये घुसत होती.

"ये ये," ती मला म्हणाली. "आज उपाशी आली मी. काही निंघणार नाही पोटातून."

त्या दिवशी ती दहा झोके झुलली. मी मोजले. मधे तिनं एक हात सोडला. मग दुसराही सोडून मांडीवर ठेवला. ती हसत नव्हती. चेहऱ्यावर एखादं अवघड काम करताना असतं तसं काहीतरी होतं. उतरल्यावर म्हणाली, "डोकं फिरते. पण हवा लागते बाप्पा." मग भावाला म्हणाली, "चाल, भाकर खाऊ."

त्याला आता दीड वर्ष झालं. आत्या रोज येते. खुर्ची असलेली आणखी दोन लेकरं आहेत, एक शेजारच्या गावातून बापाच्या मोटारसायकलवर येतं. त्याची खुर्ची शाळेत ठेवलेली असते. खुर्ची नसलेलेही चार-पाच पोट्टे एकदम त्या फळीवर बसतात आणि आत्या त्यांच्या अंगावर धावून गेल्यासारखी करते. म्हातारी माणसं कठडा धरून चालायला येतात आणि चालायचं सोडून गप्पा करत बसतात.

मी दर सोमवारी पाना घेऊन जातो. बोल्ट आवळतो, ओळंबा लावतो, कडी नखानं खरवडून पाहतो. लोकांना त्याची गंमत वाटते. मागे रिसोडकडच्या एका गावची काही माणसं मैदान पाहायला आली होती, त्यांना आपल्याकडे असंच करायचं होतं. त्यांच्यातल्या एका बाईनं आत्याला विचारलं, "डर नाही लागत का तुमाले?" आत्या म्हणाली, "आधी लागे. आता मिस्त्रीले लागते, तेवढं पुरे हाये." सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, तुमी येसान का आमच्याकडं कराले? आणि माझे हात पुन्हा तसेच थंड पडले. मी लगेच हो म्हणालो नाही. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

बायकोला विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमी जा. पण तिथल्या गवंड्याचं ऐकजा."

पुढच्या आठवड्यात मी एसटीनं रिसोडला जाणार आहे. पिशवी भरून ठेवली आहे.